कार्ब्युरेटरवर उगाच आळ! जुन्या एमजीबीचा डिस्ट्रिब्युटर बिघडतो कसा आणि दुरुस्त होतो कसा?

आज एमजी म्हटलं की आपल्याकडे हेक्टर किंवा नव्या इलेक्ट्रिक गाड्या डोळ्यांसमोर येतात. पण जुन्या गाड्यांच्या शौकिनाला ही दोन अक्षरं ऐकून आठवते ती एमजीबी. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही छोटी स्पोर्ट्स कार तयार होत होती. उघड्या टपाची आणि बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. चार सिलिंडर, १७९८ सीसी, दोन कार्ब्युरेटर. घरच्या अंगणात साध्या पान्यांनी उघडता येईल असं इंजिन, म्हणून आजही ब्रिटन-अमेरिकेत त्या भरपूर दिसतात.

या गाडीच्या बहुतेक मालकांकडे एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. गाडी सकाळी एका झटक्यात सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं झकास पळते. मग एखाद्या चढावर झटके द्यायला लागते, मिसिंग मारते आणि बंद पडते. अर्धा तास बाजूला उभी केली की पुन्हा सुरू! मालकाला वाटतं, पेट्रोल नीट येत नसणार. कार्ब्युरेटर उघडला जातो, धुतला जातो, पंप बदलला जातो. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा त्याच चढावर उभी.

दोष असतो एका काळ्या टोपीखाली. डिस्ट्रिब्युटरमध्ये.

मग दुसरी चूक होते. जुना डिस्ट्रिब्युटर फेकून मिळेल तो नवा आणून बसवतात. गाडी सुरू तर होते, पण पूर्वीसारखी ओढत नाही, किंवा चढावर इंजिनातून टकटक आवाज येऊ लागतो. हे का होतं हे समजून घ्यायचं असेल, तर या डब्यात नेमकं चालतं काय हे आधी बघायला हवं.

एका डब्यात तीन कामं

डिस्ट्रिब्युटर म्हणजे वाटणारा. कॉइलमधून आलेला हाय टेन्शन करंट चार प्लगांना आळीपाळीने वाटणं हे त्याचं नावातलं काम. एमजीबीत हा क्रम १-३-४-२ असा असतो आणि वरून पाहिलं तर रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो.

पण त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ठिणगी पडत नाही, त्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. पहिल्यातून करंट वाहतो तेव्हा चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तो करंट अचानक तोडला की क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात मोठा दाब तयार होतो. करंट तोडण्याचं काम करणारी छोटी कात्री म्हणजे पॉइंट. शाफ्टवरचा चौकोनी कॅम फिरताना पॉइंटच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, ठिणगी पडते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास रूढ केलेली ही पद्धत पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर चालली.

इंजिन ३००० आरपीएमवर असताना डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट निम्म्या वेगाने, म्हणजे १५०० वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत चार ठिणग्या. म्हणजे मिनिटाला ६०००, सेकंदाला १००! एवढ्या वेळा पॉइंट उघडतात आणि मिटतात. उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी पडून ते जळू नयेत आणि करंट झटकन तुटावा, यासाठी शेजारी कंडेन्सर बसवलेला असतो.

तिसरं काम सगळ्यात दुर्लक्षित. ठिणगी कधी पडावी हे ठरवणं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ती आणखी आधी हवी. यासाठी शाफ्टवर दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकतो. शिवाय बाजूला बशीसारखं व्हॅक्यूम युनिट असतं. गाडी हलक्या पायाने चालत असताना ते पॉइंटची प्लेट फिरवून ठिणगी अजून थोडी आधी पाडतं. त्याने पेट्रोल वाचतं.

आता नव्या डिस्ट्रिब्युटरचं कोडं सुटतं. बाहेरून सारखे दिसणारे दोन डिस्ट्रिब्युटर आतल्या स्प्रिंगांमुळे वेगळे असतात. कुठल्या आरपीएमला किती अंश, हा हिशेब प्रत्येक इंजिनासाठी स्वतंत्र केलेला असतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या एमजीबीत ल्युकस कंपनीचा २५डी४ हा डिस्ट्रिब्युटर होता, नंतर ४५डी४ आला. याच मॉडेलचे डिस्ट्रिब्युटर इतर कितीतरी ब्रिटिश गाड्यांत होते. पण बॉडीवर कोरलेला पाच अंकी नंबर वेगळा म्हणजे आतला हिशेब वेगळा. 'सगळ्या मॉडेलना चालेल' असं सांगून विकलेल्या मालात हा हिशेब तुमच्या इंजिनाचा असेलच असं नाही. ठिणगी फार आधी पडली तर इंजिन नॉकिंग करतं आणि ते तसंच पळवत राहिलं तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. फार उशिरा पडली तर इंजिन तापतं, ताकद जाते. म्हणून मूळ डिस्ट्रिब्युटर वाचवता येत असेल तर तोच वाचवावा, हे आमचं स्पष्ट मत.

आधी दुखणं ओळखा

अँबॅसडर आठवते? तिच्यात अनेक वर्षं असलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटनच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजचं होतं. एमजीबीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. त्यामुळे आपल्याकडे अँबॅसडर किंवा पद्मिनीचे पॉइंट सेट केलेला जुना मिस्त्री एमजीबीची टोपी उघडून गोंधळणार नाही. रस्त्यात गाडी अडली की काडेपेटीच्या कडेने पॉइंट घासायचे आणि व्हिजिटिंग कार्ड घालून फट बघायची, हा त्या पिढीचा हातखंडा. घरी पोहोचण्यापुरता तो आजही चालतो, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

एमजीबीत निदानासाठी एक फुकटचं साधन डॅशबोर्डवरच असतं. १९६४ नंतरच्या गाड्यांतला आरपीएम मीटर इलेक्ट्रॉनिक आहे आणि तो कॉइलच्या कमी दाबाच्या सर्किटवर चालतो. चालत्या गाडीत, गिअरमध्ये असताना इंजिन तुटायला लागलं आणि काटा थेट शून्याकडे कोसळला, तर दोष त्याच सर्किटमध्ये: पॉइंट, कंडेन्सर, आतली वायर, कॉइल किंवा किल्लीचा स्विच. काटा जागेवर असताना इंजिन झटके देत असेल, तर कॅप, रोटर, प्लग, प्लगच्या वायरी किंवा खरोखरच पेट्रोल. एवढं एक निरीक्षण केलं तरी अर्धी शोधाशोध वाचते.

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, हे लक्षण बहुतेकदा कंडेन्सर किंवा कॉइलचं. त्यातही आधी कंडेन्सरवर संशय घ्यावा, कारण तो स्वस्त आहे आणि मिनिटांत बदलतो. पॉइंटच्या एका टोकावर खड्डा आणि समोरच्या टोकावर टेकाड दिसलं तरी कंडेन्सरकडे बघावं.

पाय थोडा दाबला की मिसिंग, पूर्ण दाबला की ठीक, किंवा उलट? मग प्लेटखालच्या वायरी बघा. पॉइंटची प्लेट व्हॅक्यूमने सतत मागे-पुढे हलते. तिच्यासोबत दोन छोट्या लवचिक वायरी वाकत राहतात: एक पॉइंटकडे करंट नेणारी, दुसरी प्लेटला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची. पन्नास वर्षांनी आतली तार तुटते, वरचं कापडी वेष्टण मात्र शाबूत असतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही. प्लेट एका जागी असते तेव्हा तुटलेली टोकं एकमेकांना चिकटतात, सरकली की सुटतात. हा दोष शोधताना भलेभले थकतात. उपाय म्हणजे वायर दोन्ही टोकांना धरून हलकी ओढायची. ती रबरासारखी ताणली गेली तर आत तार उरलेली नाही. बदलताना अनेक बारीक तारांची मऊ वायरच घ्यावी. घरातल्या बोर्डाची कडक वायर लावली तर काही दिवसांत पुन्हा तुटेल.

रोटरचा एक दोष असा आहे की नवा पार्ट जुन्यापेक्षा वाईट निघतो. काही स्वस्त रोटरमध्ये वरची पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि रिव्हेटचं खालचं टोक शाफ्टच्या फार जवळ येतं. हजारो व्होल्टना तेवढं अंतर काहीच नाही. करंट प्लगकडे जाण्याऐवजी रोटरमधून खाली शाफ्टमध्ये उतरतो आणि गाडी जागेवर थांबते. तपासायची जुनी युक्ती अशी: कॅप काढून बाजूला ठेवा, रोटर जागेवर राहू द्या. कॉइलकडून येणारी मधली जाड वायर लाकडी चिमट्यात किंवा इन्सुलेटेड पकडीत धरून तिचं टोक रोटरच्या पितळेपासून तीन मिलिमीटरवर आणा. इग्निशन चालू करून मिटलेले पॉइंट प्लास्टिकच्या काडीने उघडा. रोटरवर सणसणीत ठिणगी उडाली तर तो आतून फुटलेला आहे. चांगल्या रोटरवर अशी ठिणगी उडता कामा नये. वायर नुसत्या हातात धरू नका. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने तर सुरू इग्निशनपासून लांबच राहावं.

कॅपच्या आतही बघा. मध्यभागी स्प्रिंगवर बसलेला कार्बनचा छोटा खिळा असतो. तो झिजलेला, अडकलेला किंवा गायब असेल तर करंट रोटरपर्यंत उडी मारत जातो. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर तिथून करंट गळतो आहे. ती घासून जात नाही, कॅप बदलावी लागते.

खरं मोठं दुखणं: शाफ्टचा खेळ

आतापर्यंतचे सगळे पार्ट बदलूनही इंजिन कमी आरपीएमला थरथरत असेल, पॉइंटची फट कधी नीट सेट होतच नसेल, तर रोटर काढा, शाफ्टचं वरचं टोक दोन बोटांत धरा आणि आडवं हलवून बघा. जाणवण्याइतकं हललं म्हणजे बुश झिजला.

याने एवढं काय बिघडतं? २५डी४ मध्ये पॉइंटची फट साधारण ०.३८ मिलिमीटर ठेवायची असते. शाफ्ट फक्त ०.१ मिलिमीटर डुलला तरी ती फट पाव हिश्श्याने बदलते, आणि तीही दर सिलिंडरला वेगळी. एकाची ठिणगी थोडी आधी, दुसऱ्याची थोडी नंतर. टायमिंग लाइट मारला तर पुलीवरची खूण एका जागी स्थिर न दिसता नाचते. ड्वेल मीटर असेल तर आणखी स्पष्ट कळतं. पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते हा मीटर दाखवतो. २५डी४ साठी तो आकडा ६० अंश, तीन कमी-जास्त. आरपीएम वाढवताना काटा त्याहून जास्त हिंडला, तर पॉइंटला दोष देऊ नका. शाफ्ट आणि बुश बघा.

ल्युकसच्या वाट्याला खूप विनोद आले. इंग्रजी मोटारशौकीन या कंपनीला 'प्रिन्स ऑफ डार्कनेस', म्हणजे अंधाराचा राजपुत्र म्हणत आले आहेत, कारण तिचे दिवे कधी दगा देतील याचा नेम नाही! पण डिस्ट्रिब्युटरच्या बाबतीत हे थोडं अन्यायाचं आहे. वर्षानुवर्षं तेलाचा थेंब न मिळालेला बुश झिजला तर त्याला कंपनी काय करणार?

काढण्याआधी खुणा करा

बॅटरीची वायर काढा. प्लगच्या चारही वायरींना चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, कुणाला तरी गाडी चौथ्या गिअरमध्ये हळू ढकलायला सांगा. अंगठ्याला हवेचा दाब जाणवला की पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येतो आहे. पुलीची खूण जुळेपर्यंत ढकला आणि थांबा. आता रोटर ज्या दिशेला तोंड करून आहे, ती दिशा बॉडीच्या काठावर आणि इंजिनाच्या ब्लॉकवर खुणेने नोंदवा. मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा.

डिस्ट्रिब्युटर एका पट्टीच्या क्लॅम्पमध्ये धरलेला असतो. क्लॅम्पचा आवळलेला बोल्ट सैल करायचा मोह आवरा. क्लॅम्पची प्लेट ब्लॉकला धरणारे दोन छोटे स्क्रू काढले तर डिस्ट्रिब्युटर क्लॅम्पसकट बाहेर येतो आणि परत बसवताना टायमिंग बरंचसं जिथल्या तिथे राहतं. खालच्या टोकाला असलेला ड्राइव्ह डॉग मुद्दाम मध्यापासून सरकवलेला असतो, त्यामुळे तो एकाच पद्धतीने बसतो. ही मोठी सोय आहे.

टेबलावर पांढरं फडकं पसरून त्यावर उघडा. व्हॅक्यूम युनिटच्या टोकाला ए आणि आर अशी अक्षरं आणि खाचांचा नट असतो. तो काढताना एक पातळ पत्र्याची स्प्रिंग आणि एक गोल स्प्रिंग उडून जातात. फडकं त्यांच्यासाठी. व्हॅक्यूम युनिटच्या नळीला स्वच्छ पाइप लावून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करून धरा. दांडी आत सरकून तिथेच टिकली तर आतला पडदा शाबूत. हळूहळू परत आली तर फाटलेला. नवं युनिट घेताना जुन्यावरचे तीन आकडे जुळवा, उदाहरणार्थ ५-१३-१०. म्हणजे पाच इंच व्हॅक्यूमला काम सुरू, तेराला पूर्ण, आणि एकूण सरक दहा अंश. हे अंश डिस्ट्रिब्युटरचे, क्रँकवर ते दुप्पट होतात.

प्लेट उचलली की खाली वजनं आणि दोन स्प्रिंगा दिसतात. एक स्प्रिंग बारीक आणि ताणलेली, दुसरी जाड आणि चक्क ढिली. नवख्याला वाटतं ढिली स्प्रिंग खराब झाली, म्हणून तो तिचं टोक पकडीने वाकवून घट्ट करतो. कृपया करू नका! ती ढिलीच असायला हवी. कमी वेगात बारीक स्प्रिंग एकटी काम करते आणि वजनं ठरावीक अंतर बाहेर गेल्यावर जाड स्प्रिंग साथीला येते. ताणलेली, गंजलेली किंवा पूर्वी कुणी वाकवलेली स्प्रिंग मात्र बदलायलाच हवी, आणि तीही त्या नंबरच्या डिस्ट्रिब्युटरची. वजनांच्या खुंट्यांवर चिकट झालेलं जुनं ग्रीस रॉकेलने किंवा पेट्रोलने धुवा. उघड्यावर बसा, विडी-सिगारेट लांब ठेवा. कितीतरी 'मेलेले' डिस्ट्रिब्युटर नुसत्या धुण्याने जिवंत होतात, कारण वजनं जागेवर चिकटून बसलेली असतात.

बुश बदलायचा असेल तर शाफ्ट बाहेर काढावा लागतो आणि त्यासाठी खालच्या डॉगची पिन काढावी लागते. तिची टोकं ठोकून पसरवलेली असतात. एक टोक कानशीने सपाट करा किंवा हलकं ड्रिल करा, मग पंचने ठोका. त्याआधी डॉग कुठल्या दिशेला आहे याची खूण नक्की करा. तो अर्धा फेरा उलटा बसला तर रोटर समोरच्या सिलिंडरकडे तोंड करेल आणि गाडी सुरू होण्याऐवजी कार्ब्युरेटरमधून फटाके फोडेल.

बुश सच्छिद्र कांस्याचा असतो. तो तेल पिऊन ठेवतो आणि हळूहळू शाफ्टला देतो. म्हणून नवा बुश बसवण्याआधी पूर्ण चोवीस तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा. घाई असेल तर तेलाचं भांडं उकळत्या पाण्यावर दोन तास ठेवायचं आणि बुश तेलातच थंड होऊ द्यायचा. बसवताना हातोडी नको. खांद्याचा मँड्रेल लावून प्रेसने सरळ ढकलायचा. घट्ट वाटला म्हणून रीमर फिरवला तर छिद्रं बुजतात आणि तेल झिरपणं थांबतं. शाफ्टच झिजून खाच पडली असेल तर नव्या बुशने काम भागणार नाही. ज्याच्याकडे लेथ आणि अनुभव आहे त्याच्याकडे हे काम द्यावं. यात कमीपणा नाही.

जुळवताना एक बारीक जागा आहे जिथे सगळे फसतात. पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि आत येणारी वायर या तिघी एकाच खुंटीवर एकत्र बसतात, पण त्यांचा त्या खुंटीला किंवा प्लेटला धातूचा स्पर्श होता कामा नये. मध्ये प्लास्टिकची बाही आणि वॉशर असतात. क्रम चुकला तर करंट कायमचा अर्थ होतो, पॉइंट उघडून-मिटून फरक पडत नाही आणि ठिणगी अजिबात येत नाही. काम झाल्यावर गाडी 'डेड' वाटली तर पहिल्यांदा इथेच बघा.

शेवटी तेल. रोटरखालच्या स्क्रूवर दोन थेंब, वजनांवर एक-दोन थेंब, कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात. जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर जातं.

इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घ्यावं का?

पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्या जागी चुंबकाची कडी आणि सेन्सर बसवता येतो. टोपी लावली की बाहेरून काही कळत नाही. फट सेट करण्याची कटकट संपते. पण ते शाफ्टचा खेळ आणि चिकटलेली वजनं बरी करत नाही, फक्त थोडा खेळ झाकून टाकतं. रोगी डिस्ट्रिब्युटरमध्ये मॉड्यूल बसवून पैसे वाया घालवणारे खूप.

घेणारच असाल तर दोन गोष्टी तपासा. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस टोक बॉडीला जोडलेला असे, आजच्या गाड्यांच्या उलट. चुकीच्या ध्रुवाचं मॉड्यूल किल्ली फिरवताच जळतं. दुसरं, कॉइल. सुरुवातीच्या गाड्यांत साधारण ३ ओहमची कॉइल होती. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर बॅलास्ट वायरसोबत सुमारे दीड ओहमची आली. बॅलास्ट नसलेल्या गाडीत दीड ओहमची कॉइल लावली तर पॉइंट लवकर जळतात, मॉड्यूलही जाऊ शकतं. कुठल्या टायमिंगचा हिशेब हवा ते निवडता येणारे पूर्ण इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरही मिळतात, नेदरलँड्सचा '१२३ इग्निशन' त्यातला परिचित. बॉडीच गेली असेल तर तो मार्ग चांगला आहे. मॉड्यूल निकामी झालं तर रस्त्यात काडेपेटीने ते दुरुस्त होत नाही, म्हणून काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवणारे शहाणे.

टायमिंग: आधी फट, मग खूण

हा क्रम उलटा करू नये. फट बदलली की ठिणगीची वेळ आपोआप बदलते: फट वाढली की ठिणगी आधी, कमी झाली की उशिरा. ड्वेल एक अंशाने हलला तर क्रँकवरचं टायमिंगही साधारण एका अंशाने सरकतं. म्हणून टाच कॅमच्या टोकावर असताना फीलर गेजने ०.३८ मिलिमीटर फट पक्की करा, मग टायमिंगला हात लावा.

सुरुवातीच्या एमजीबीसाठी उभ्या इंजिनावर टायमिंग १० अंश आधी असं दिलेलं आहे. नंतरच्या इंजिनांचे आकडे वेगळे, आपल्या इंजिनाच्या नंबरप्रमाणे मॅन्युअल बघावं. क्रँक नेहमीच्या दिशेने फिरवत पुलीची खाच १० अंशांच्या टोकासमोर आणा. १२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरं बॉडीला लावा. इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब बंद राहील. आता डिस्ट्रिब्युटर हळूहळू घड्याळाच्या दिशेने फिरवा. ज्या क्षणी बल्ब पेटेल तिथे थांबा आणि क्लॅम्प आवळा. इग्निशन विनाकारण चालू ठेवू नका, मिटलेल्या पॉइंटमुळे कॉइल तापते.

इंजिन सुरू झाल्यावर टायमिंग लाइटने खात्री करा. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद ठेवा. त्याच इंजिनासाठी ६०० आरपीएमला १४ अंश अपेक्षित आहेत. मग आरपीएम सावकाश वाढवा आणि खूण बघत राहा. ती गुळगुळीत पुढे सरकली पाहिजे आणि आरपीएम खाली आल्यावर न अडकता परत यायला हवी. उडी मारत गेली किंवा पुढेच थांबली, तर वजनं-स्प्रिंगांकडे पुन्हा जावं लागेल. पंखा आणि बेल्ट अगदी जवळ फिरत असतो, ओढणी, सैल बाही आणि लाइटच्या वायरी सांभाळा.

यानंतर गाडी त्याच चढावर न्यायची, जिथे ती बंद पडत होती. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, पाय दाबून. नॉकिंगचा टकटक आवाज आला तर डिस्ट्रिब्युटर एखादा अंश घड्याळाच्या उलट फिरवायचा आणि पुन्हा जाऊन बघायचं. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला थोडी झिजते आणि फट कमी होते. त्यामुळे पाचशे-सातशे किलोमीटर झाले की टोपी एकदा उघडून फीलर गेज पुन्हा घालावा लागतो.